वजनकाट्याला चरबीचं काय कळतं?

मधुमेहासाठी पायोग्लिटाझोन नावाची एक जुनी, स्वस्त गोळी आहे. ती सुरू केली की बऱ्याच जणांचं वजन दोन-चार किलोंनी वाढतं. साखर मात्र उतरते आणि यकृतातली चरबीही कमी होते. २०१३ च्या जूनमध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्र सरकारने या गोळीची विक्री थांबवली होती. पुढच्याच महिन्यात पाकिटावर इशारा छापण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरूही झाली. तो वाद इथे उकरून काढायचा नाही. माझा प्रश्न साधा आहे: वजन वाढूनही माणूस सुधारतो कसा? या गोळीमुळे त्वचेखालची चरबी नव्या पेशी तयार करते. यकृतात नको तिथे साठलेली चरबी तिकडे हलते आणि त्वचेखालची ती चरबी ॲडिपोनेक्टिन नावाचं संप्रेरक जास्त सोडू लागते. इन्सुलिनचा परिणाम सुधारणारं हे संप्रेरक आहे. किलो वाढले, पण चरबीचं वागणं सुधारलं.

दुसऱ्या टोकाला लिपोडिस्ट्रॉफी हा दुर्मीळ आजार. यात अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. हातापायांच्या शिरा उठून दिसतात, काट्यावरचा आकडा कुणालाही हेवा वाटावा असा. आत मात्र यकृत चरबीने भरलेलं, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आभाळाला भिडलेली आणि इन्सुलिनच्या मोठ्या डोसालाही दाद न देणारा मधुमेह. अशा रुग्णांना चरबीतून स्रवणारं लेप्टिन इंजेक्शनने दिलं की परिस्थिती पुष्कळ सुधारते. अमेरिकेत या उपचाराला २०१४ मध्ये मान्यता मिळाली. चरबी नसणं आणि चरबी जास्त असणं या दोन्हींची दुखणी इतकी सारखी निघावीत, यातच खरं तर सगळं आलं.

हे आत्ता सांगायचं कारण औषधांच्या बाजारात आहे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं, म्हणजे टिर्झेपटाइड. सुरुवातीच्या अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत तेव्हा ३,५०० रुपये होती, आणि दर आठवड्याला एक कुपी लागते. जूनमध्ये वेगोव्ही, म्हणजे सेमाग्लुटाइड, महिना १७ हजारांच्या पुढच्या दराने आलं आणि वर्ष संपायच्या आत कंपनीला किंमत उतरवावी लागली. सेमाग्लुटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ ची, आणि त्या तारखेकडे डोळे लावून बसलेल्या देशी कंपन्यांची यादी लांबलचक होती. औषध स्वस्त होणं चांगलंच. प्रश्न उरतो तो कुणाला द्यायचं हा. वजन घटवण्यासाठी या इंजेक्शनांची परवान्यातली अट अशी: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३० किंवा त्याहून जास्त, किंवा २७ पासून पुढे आणि जोडीला रक्तदाबासारखा वजनाशी निगडित आजार. आपल्या देशात हा आकडा दारावर बसवणं चूक आहे असं माझं मत आहे. आकडा खाली आणला की काम भागलं असंही नाही, कारण खोट आकड्यामागच्या समजुतीत आहे.

समजूत अशी की चरबी म्हणजे धान्याचं कोठार. जास्त आलं की भरायचं, कमी पडलं की उपसायचं, आणि कोठाराला स्वतःचं मत नसतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकशास्त्रही साधारण असंच मानत होतं. मग अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत काही अतिलठ्ठ उंदीर सापडले. डग्लस कोलमन यांनी अशा एका उंदराचं रक्ताभिसरण सडपातळ उंदराच्या रक्ताभिसरणाला शस्त्रक्रियेने जोडलं. एका जातीचा लठ्ठ उंदीर या जोडणीनंतर कमी खाऊ लागला. दुसऱ्या जातीच्या लठ्ठ उंदराशी जोडलेल्या सडपातळ उंदराने मात्र खाणंच सोडलं आणि तो उपाशी मेला. रक्तातून काहीतरी निरोप जात होता: पहिल्या जातीला तो पाठवता येत नव्हता, दुसऱ्या जातीला ऐकू येत नव्हता. निरोपाचं नाव कळायला १९९४ साल उजाडलं. रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं आणि हा निरोप चरबीच पाठवत होती, हे उघड झालं.

पुढचा भाग अपेक्षाभंगाचा आहे, आणि तो सांगायलाच हवा. लेप्टिन दिलं की लठ्ठपणा गेला, अशी आशा तेव्हा सगळ्यांनाच लागली. जन्मतःच लेप्टिन न बनवू शकणाऱ्या मोजक्या मुलांवर केंब्रिजमध्ये ते वापरलं गेलं तेव्हा परिणाम थक्क करणारा होता. पण सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं. त्याचा मेंदू ते ऐकेनासा झालेला असतो, म्हणून वरून आणखी ओतून फारसं काही हाती लागलं नाही. लेप्टिन शोधलं गेलं आणि बाजूला पडलं, असं त्या काळात वाटलं असल्यास नवल नाही.

मग आतड्याकडे वळावं लागलं. तसा संप्रेरकांचा इतिहासच आतड्यातून सुरू होतो. १९०२ मध्ये लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या लहान आतड्यातून सिक्रेटिन वेगळं काढलं आणि मज्जातंतूंशिवायही रक्तातून आज्ञा जातात हे दाखवलं. लहान आतड्याच्या वरच्या भागातल्या के पेशी जीआयपी हे संप्रेरक सोडतात, खालच्या भागातल्या एल पेशी जीएलपी-१ (सेमाग्लुटाइड याचीच नक्कल करतं). जेवण पोटात उतरलं की दोन्ही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतात. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. शरीरात ती पुढे जाते, कारण इन्सुलिन चरबीच्या पेशींवरही काम करतं आणि काही तासांत तिथून लेप्टिनचा स्राव वाढतो. उलट एक-दोन दिवस उपाशी राहिलं तर लेप्टिन धाडकन उतरतं, चरबी अजून फारशी घटलेली नसतानाही. म्हणजे किती साठा आहे यापेक्षा आत्ता आतड्यातून काय येतंय, याकडे चरबीचे कान जास्त लागलेले असतात. उपासाच्या दिवशी संध्याकाळी जी चिडचिड आणि भूक असते तिच्यात याचाही वाटा असावा. साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्यांनी मात्र हे निमित्त सांगू नये.

जीआयपी तर चरबीशी थेटही बोलतं. चरबीच्या पेशींवर त्याचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप पकडणारे रेणू, आहेत. इन्सुलिनच्या साथीने ते त्वचेखालच्या चरबीत रक्तप्रवाह वाढवतं आणि जेवणातली चरबी आत घेऊन साठवायला मदत करतं. क्योटोच्या संशोधकांनी २००२ मध्ये जीआयपीचा ग्राहकच नसलेले उंदीर तयार केले. भरपूर तुपाळ खाऊ घातलं तरी ते लठ्ठ झाले नाहीत. त्यावरून निष्कर्ष सरळ वाटतो: जीआयपी अडवा, लठ्ठपणा थांबवा. पण टिर्झेपटाइड जीएलपी-१ सोबत जीआयपीचा ग्राहक चेतवतं आणि ७२ आठवड्यांच्या मोठ्या चाचणीत सर्वांत जास्त डोसावर वजन सरासरी २० टक्क्यांहून थोडं जास्त घटवतं. दुसऱ्या एका औषधात, मॅरिडेबार्टमध्ये, जीआयपीचा ग्राहक बंद केला जातो, जीएलपी-१ चा चेतवला जातो, आणि वजन तिथेही उतरतं! दरवाजा उघडा नाहीतर लावा, परिणाम एकच. यावर अनेक उपपत्ती आहेत. सगळ्यांना पटलेली एकही नाही.

टिर्झेपटाइड घेणाऱ्यांमध्ये ॲडिपोनेक्टिन वाढतं आणि इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. घटलेल्या किलोंमधून या सुधारणेचा सगळा हिशेब लागत नाही. उलट लठ्ठ माणसांच्या शिरेतून जीआयपी दिल्यावर त्यांच्या चरबीत दाहाचे संकेत वाढलेलेही प्रयोगांत दिसले आहेत. जीएलपी-१ चं चरबीच्या पेशीशी थेट नातं किती, हा अजून वादाचा विषय आहे. त्याचा बराचसा परिणाम मेंदू आणि स्वादुपिंडामार्फत होतो. तरी कोपनहेगनच्या एका प्रयोगात आधी आहाराने वजन उतरवलेल्या लोकांना जीएलपी-१ वर्गातलं लिराग्लुटाइड दिलं, तेव्हा वजन घटल्यावर रक्तातलं मोकळं (कशाला न चिकटलेलं) लेप्टिन जितकं पडायचं तितकं पडलं नाही. चरबीचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचत राहिला असावा. हे मला या सगळ्या संशोधनातलं सर्वांत आशादायक पान वाटतं.

कारण वजन घटल्यानंतरची गोष्ट आपल्याकडे अजून नीतिपाठाच्या भाषेत सांगितली जाते. "जिभेवर ताबा नाही," "चार दिवस केलं आणि सोडलं." २०११ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं आणि त्यानंतर वर्षभर मोजमापं घेतली. वर्षानंतरही लेप्टिन खालीच होतं. भूक वाढवणारं, जठरातून येणारं घ्रेलिन चढलेलं होतं. पोट भरल्याचं सांगणारी आतड्याची संप्रेरकं उतरलेली होती आणि भूक सुरुवातीपेक्षा जास्त होती. आतडं आणि चरबी मिळून वर्षभर त्या माणसाला जुन्या वजनाकडे ओढत होती. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं, तेही याच ओढीने. रक्तदाबाची गोळी थांबवल्यावर दाब वाढला तर त्या माणसाला आपण आळशी म्हणत नाही.

आता पुणे. १९९० च्या दशकात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलोच्या आसपास. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान होती, पण सारखी लहान नव्हती. दंडाचे स्नायू आणि पोटातले अवयव बरेच कमी, पाठीवरच्या चरबीची घडी मात्र जवळजवळ राखलेली. पुढे पुणे आणि लंडन इथल्या नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं. पुण्याच्या बाळांत इन्सुलिन जास्त निघालं, आणि वजनाचा हिशेब लावल्यावर लेप्टिनही. आईच्या पोटातून बाहेर येतानाच या बाळांच्या चरबीचं बोलणं वेगळं होतं.

२००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने दोन डॉक्टरांचा एक फोटो छापला: लंडनचे जॉन युडकिन आणि पुण्याचे याज्ञिक. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हा फोटो जगभरच्या व्याख्यानांत दाखवला जातो आणि लोक हसतात. आपण हसण्याजोगं त्यात थोडंच आहे. काडीपैलवान हातपाय आणि पुढे आलेलं पोट असलेले किती काका-मामा आपल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत उभे असतात! त्यातल्या कित्येकांना चाळिशीतच साखर निघालेली असते. त्यांचा बीएमआय २४-२५ च्या आसपास. वजन घटवण्याच्या परवान्याच्या अटीत ते बसत नाहीत. त्यांच्या शेजारी उभा राहिलेला, बीएमआय ३१ चा, साखर आणि यकृत दोन्ही ठणठणीत असलेला पुतण्या बसतो. त्याच्या खिशात पैसे असतील आणि लग्नाच्या अल्बमची घाई असेल, तर इंजेक्शन आधी त्याला मिळेल.

बीएमआयचं सूत्र एकोणिसाव्या शतकातल्या बेल्जियन गणिती केटले यांचं, आणि त्याला आजचं नाव ॲन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं. ते लोकसंख्येचा अंदाज घ्यायला ठीक आहे. स्नायू आणि चरबी यांतला फरक त्याला कळत नाही, मग चरबी कुठे आहे आणि ती काय स्रवते हे कळायचा प्रश्नच नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने लठ्ठपणाचं निदान नुसत्या बीएमआयवर करू नये असं स्पष्ट म्हटलं. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही पोटाचा घेर आणि त्यातून आलेले आजार यांना महत्त्व देणारी मार्गदर्शक सूत्रं मांडली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत बीएमआयनुसार लठ्ठ लोक २८.६ टक्के निघाले, तेही २५ हा खालचा आकडा धरून. पोटाच्या घेरानुसार ३९.५ टक्के. मधुमेही १० कोटींच्या वर.

यातली गंमत अशी की सरकारला हे आधीपासून ठाऊक आहे. गावात आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात वय, तंबाखू, दारू, व्यायाम आणि घरातला मधुमेह यांच्याबरोबर कंबरेचा घेर विचारलेला असतो. बाईचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की गुण वाढतात, पुरुषाचा ९० च्या पुढे. बीएमआयचा त्या गुणांत हिशेबच नाही. उपकेंद्रावर एक माप आणि औषधाच्या परवान्यात दुसरं, ही विसंगती कुणाला खटकत कशी नाही? गावातल्या बाईला टेपने "धोक्यात" ठरवायचं आणि पुढे तज्ज्ञाकडे गेल्यावर काट्याने "बसत नाही" म्हणायचं.

माझ्या म्हणण्याला दोन जोरदार हरकती आहेत. एक, टेप नीट धरली जात नाही. खरं आहे. बेंबीवर धरली की एक आकडा येतो, बरगडी आणि कटीच्या हाडाच्या मध्यावर धरली की दुसरा, श्वास ओढून धरला की तिसरा. पण रक्तदाबही असाच चुकीचा मोजला जात होता आणि अनेक ठिकाणी अजून जातो. त्यावर उपाय शिकवणं हा होता, रक्तदाब मोजणं सोडणं हा नव्हता. शिवाय घेराच्या जोडीला उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड्स आणि यकृताच्या तपासण्या आहेतच. रोज प्रत्येकाचं लेप्टिन किंवा ॲडिपोनेक्टिन मोजा असं मी म्हणत नाही. त्या तपासण्या महाग आहेत आणि एका माणसाबाबत त्यातून निर्णय घेण्याइतकं शहाणपण अजून आलेलं नाही.

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे, आणि ती मला मान्यही आहे. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत शरीररचना मोजलेल्या गटात घटलेल्या वजनातला सुमारे ४० टक्के भाग चरबीखेरीजचा होता, त्यात स्नायूही आले. ज्याचा बीएमआय ३८ आहे त्याला ते परवडेल. पुण्याच्या त्या बाळाचं काय, जे मुळातच कमी स्नायू घेऊन जन्मलं, पन्नाशीत बीएमआय २४ वर पोहोचलं आणि जेवणात प्रथिनं म्हणजे वाटीभर वरण? पोट कमी करताना त्याचे हातपाय आणखी काडी होतील. म्हणून "आकडा २३ वर आणा आणि वाटा" ही मागणी मला बेजबाबदार वाटते. मधुमेह असलेल्यांना ही औषधं बीएमआय न पाहता, साखरेसाठी, आजही देता येतात, ती वाट उघडीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२५ मध्ये मधुमेहासोबत हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार आणि लठ्ठपणा असलेल्यांसाठी ती अत्यावश्यक यादीत घातली, ते योग्यच झालं. प्रश्न आहे मधल्यांचा: साखर अजून मधुमेहात न गेलेले, घेर मोठा, यकृत चरबीने भरलेलं, वजन बेताचं.

त्यांच्यासाठी पुरावा नाही, कारण मोठ्या चाचण्यांनी त्यांना दारातच अडवलं. चीनने तसं केलं नाही. मझ्दुटाइड या त्यांच्या औषधाच्या चाचणीत सोबत आजार असेल तर बीएमआय २४ पासून पुढचे लोक घेतले गेले, आणि २०२५ मध्ये तिथे त्याला मान्यताही मिळाली. आपल्याला ही चाचणी स्वतः करावी लागेल. बीएमआय २३ ते २७, घेर ८० किंवा ९० च्या पुढे. निकाल किलोंत मोजू नका. यकृतातली चरबी, साखर, ॲडिपोनेक्टिन आणि हाताच्या पकडीची ताकद मोजा. एका गटाला औषधासोबत प्रथिनं आणि वजन उचलण्याचा व्यायाम द्या, एका गटाला औषधाशिवाय तेच द्या. डोस मोठ्या चाचण्यांपेक्षा कमी ठेवून पाहा, कारण इथे शरीर उतरवायचं नाही, चरबीचं वागणं बदलायचं आहे. पेटंट सरलेल्या औषधावर असला खर्च कोणती कंपनी आपणहून करणार? तो आयसीएमआरनेच करायला हवा. पन्नास कंपन्यांची इंजेक्शनं प्रत्येक मेडिकलच्या फ्रिजमध्ये येऊन बसल्यावर औषध न घेतलेला गट शोधूनही सापडणार नाही, तेव्हा तो आत्ताच करायला हवा.